एका दिवसात चार सकाळी म्हणे!

भाचीची परीक्षा तोंडावर आलीय आणि तिच्या अभ्यासाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तीन तास लख्ख दिव्याखाली अभ्यास, मग तीन तास अंधार करून झोप, रात्रंदिवस हेच चक्र. ‘मेंदूला एका दिवसात चार सकाळी मिळतात, स्मरणशक्ती दुप्पट होते. झोप बारा तास भरते, मग बिघडतंय कुठे?’ तो मला तिनेच पाठवला, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, आठवडाभर करतेय. एकच पान चारदा वाचते, डोक्यात काही राहत नाही. उगाच रडू येतं.’

चार सकाळी! अहो, जवळपास हाच खेळ उंदरांवर करून झालाय. संशोधक समेर हत्तर आणि सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापला. साडेतीन तास उजेड, साडेतीन तास अंधार. उंदरांची एकूण झोप कमी झाली नाही, शरीराच्या घड्याळाची लयही मोडली नाही. तरी ते कोमेजले. एरवी गोड पाण्यावर तुटून पडणारा प्राणी, त्याची ती ओढ कमी झाली. ताणाचं संप्रेरक वाढलं. पाण्याखाली दडवलेला ओटा कुठे आहे, हे शिकणं त्यांना जड गेलं. म्हणजे ‘झोप भरली की झालं’ हा मेसेजचा पायाच निखळला. आणि खरी गंमत पुढे आहे: डोळ्यांच्या पडद्यातल्या मेलानॉप्सिनवाल्या (मेलानॉप्सिन म्हणजे उजेड टिपणारं प्रथिन) पेशी ज्या उंदरांत नव्हत्या, त्यांना त्याच उजेड-अंधारात हा त्रास झाला नाही. बाहेर उजेड किती आहे, याची वर्दी मेंदूला देणं हे या पेशींचं मुख्य काम. ती वर्दी भलत्या वेळी जात राहिली की झोप पुरेशी असूनही मन आणि शिकणं दोन्ही बिघडतं.

उंदीर निशाचर, आपण नाही. तिथलं जसंच्या तसं इथे लावू नये, कबूल. पण मग ते ‘दुप्पट’ कोणी मोजलं, आणि कोणावर?

‘डोळे मिटले की दिवा चालू असला तरी चालतो,’ असंही लोक सांगतात. नाही चालत. भर उन्हात डोळे मिटून बघा, पापण्यांतून लालसर उजेड दिसतोच.

‘मोबाइलचा नाइट मोड लावा, बास.’ या पेशी निळसर उजेडाला जास्त दाद देतात, एवढं खरं. पण उजेडाचा प्रखरपणाही मोजला जातो, नुसता रंग नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. अभ्यासानंतरच्या झोपेत वाचलेलं पक्कं होतं, हे खरंच आहे. मेसेजवाल्याने तेवढंच कुठूनतरी उचललं आणि त्यावर बाकीचा इमला चढवला.

भाचीचं टेबल आम्ही खिडकीला लावलंय. रात्री अकराला दिवा बंद. काल तिचा मेसेज सकाळी सातला आला.