टोकाची भूमिका

गिटारचं पिक, म्हणजे तारा छेडायची प्लॅस्टिकची छोटी तिकोनी चकती, झिजतं हे पुष्कळ वादकांना ठाऊकच नसतं, कारण त्यांचं पिक झिजण्याआधीच गहाळ होतं. सोफ्याच्या फटीत, वॉशिंग मशीनमध्ये, नाहीतर थेट गिटारच्या पोटात. माझ्यासारख्या चिकट माणसाचं दुखणं वेगळं. पिक जागच्या जागी असतं आणि डोळ्यांदेखत बोथट होतं. नवं घेणं हा उपाय कुणीही सुचवेल. पण बोटांना सवय झालेलं पिक टाकवत नाही, म्हणून आमची जमात पॉलिश पेपर घेऊन बसते.

आधी गुन्हेगार ओळखा. अकूस्टिक गिटारच्या जाड चार तारांवर ब्राँझचं वेटोळं असतं, इलेक्ट्रिकवर सहसा तीन तारांवर निकेल चढवलेल्या पोलादाचं. हे वेटोळं कानशीचं काम इमानेइतबारे करतं. त्यात आपण पिक तिरकं धरतो, त्यामुळे टोक सरळ न झिजता एकाच अंगाला तासलं जातं. भिंगाखाली कडेला बारीक दाते दिसतात. जाड तारांवर जे ‘चर्र’ ऐकू येतं ते या दात्यांचं. दोष ॲम्प्लिफायरला देऊ नये.

आळशी माणसाने पिक फिरवून त्याच्या खांद्याच्या, म्हणजे टोकाविरुद्धच्या, कोपऱ्याने वाजवावं. ‘३५१’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेहमीच्या आकाराला असे दोन गोलसर कोपरे फुकट मिळतात. आवाज जरा बोजड येतो, पण ऱ्हिदमला चालतो. जॅझ थ्रीसारख्या चिमुकल्या पिकात ही चैन नाही. आणि ०.७० मिमीपेक्षा पातळ पिक घासायच्या नादी लागूच नये. ते पेपरवर दाबलं की वाकतं, आणि आपण कड घासतोय की पोट, हेच कळत नाही.

सामान थोडकं आहे: काचेचा सपाट तुकडा, ४००, ८००, १२०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका तो बारीक), वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि त्याच आकाराचं एक कोरं पिक. कोऱ्या पिकाची बाह्यरेषा कागदावर काढून घ्या, तोच साचा. पेपर ओला करून काचेवर पसरा, ४०० नंबरवर पिक अगदी उभं धरा आणि खांद्यापासून टोकापर्यंत एका दमात कमानीत ओढा. मध्ये थांबलात की तिथे सपाट खाच पडते. दहा वेळा डावीकडून, दहा वेळा उजवीकडून, मग साच्यावर ठेवून बघा.

खरा छळ इथे सुरू होतो. डावी बाजू जरा जास्त दिसते, म्हणून ती घासायची. मग उजवी जास्त दिसते. लोण्याचा गोळा वाटणाऱ्या माकडाने हेच केलं होतं, फरक एवढाच की त्याला निदान लोणी मिळालं. माझ्या मते टोक अर्ध्या मिलिमीटरने डावीकडे झुकलं असेल तर झुकू द्यावं. तारेला भूमिती कळत नाही, गुळगुळीतपणा कळतो.

म्हणून खरी मेहनत कडेवर करा. पिक साधारण ४५ अंशांत कलतं धरून टोकापासून चारेक मिलिमीटरपर्यंत दोन्ही तोंडांना उतार द्या. मग ८००, १२००, २०००. दर पेपरला आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत हलायचं नाही. ४०० वरून थेट २००० वर उडी मारणाऱ्याला चकाकणारे ओरखडे मिळतात, आणि ‘चर्र’ तसंच राहतं. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर टूथपेस्टचा ठिपका घेऊन घासा आणि धुऊन टाका. टोक नखावरून ओढलं तर पांढरी रेघ उठता कामा नये. नखं चमकवायचा चार बाजूंचा ठोकळाही या कामाला नामी आहे. तो ज्या व्यक्तीचा आहे तिचं मत वेगळं असतं.

प्लॅस्टिकचे स्वभावही सांभाळावे लागतात. नायलॉनला घासताना लव सुटते. ती बारीक पेपरने, हलक्या हाताने काढावी, जोर केला तर आणखी सुटते. टॉर्टेक्स आणि डेल्रिन या प्लॅस्टिकची पिकं मॅटच, म्हणजे बिनचमकीची बरी, त्यांना आरसा करण्याच्या फंदात पडू नये. अल्टेक्स आणि ॲक्रिलिक मात्र सुरेख चमकतात. सेल्युलॉइड घासताना कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. हा पदार्थ झटकन पेट घेतो, तेव्हा त्याला फिरत्या यंत्रावर धरू नका. हाताने, पाण्यात घासा. नेलपॉलिश रिमूव्हरही लावू नका. ॲसिटोनने सेल्युलॉइड विरघळतं, म्हणजे साफसफाईबरोबर पिकही साफ.

उत्साहाच्या भरात मधला भाग चकचकीत करणारे लोक पहिल्याच गाण्यात पिक श्रोत्यांकडे भिरकावतात. पकडीची जागा उलट २२० नंबरने आडवी-उभी खरवडावी. घामाचा मेणचट थर चढला की कोमट साबणपाणी पुरतं. कागदाचं पंचिंग मशीन वापरून भोकं पाडायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. एक मिलिमीटर जाड पिकापुढे ते मशीन अडकून बसतं आणि सेल्युलॉइडला तडा जातो. हँड ड्रिलने दोन मिलिमीटरची तीन भोकं पाडा, खाली लाकूड ठेवून.

एवढं झाल्यावर ते पिक किल्ल्यांच्या खिशात टाकू नका. पहिल्याच दिवशी कडेला खाच पडते आणि पुन्हा ४०० नंबरपासून सुरुवात.