‘टेलर आली म्हणून जिंकले’ म्हणे!

घरच्या ग्रुपवर दादाने पुन्हा तोच फॉरवर्ड टाकला. मथळा, ‘अमेरिकेतलं सगळ्यात मोठं फिक्सिंग’. आशय असा: कॅन्सस सिटी चीफ्स हा एक मामुली अमेरिकन फुटबॉल संघ. 2023च्या हंगामात गायिका टेलर स्विफ्ट त्यांच्या ट्रॅव्हिस केल्सी या खेळाडूबरोबर फिरू लागली आणि लीगने त्यांना सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, आंदण दिला. पंच विकले गेले होते, निकाल सुपर बोलच्या लोगोच्या रंगांतच छापला होता आणि हा सगळा खटाटोप बायडन यांच्या निवडणुकीसाठी होता.

दादाला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, ते सोडून देऊ. पण त्यावरून नववीतल्या पुतणीला ‘तुझी टेलर फिक्सर’ म्हणून सगळ्यांनी मिळून छळलं, म्हणून हे लिहिणं आलं.

‘मामुली संघ’ हे आधी निकालात काढतो. चीफ्स फेब्रुवारी 2020मध्ये सुपर बोल जिंकले, फेब्रुवारी 2023मध्येही जिंकले. दोन्ही वेळा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) पॅट्रिक महोम्स, दोन्ही वेळा मैदानात केल्सी. टेलर त्यांच्या सामन्याला पहिल्यांदा आली ती 24 सप्टेंबर 2023ला. उलट तो हंगाम त्यांच्या मानाने रडतखडतच गेला: 11 विजय, 6 पराभव. सलग सात हंगाम पास झेलून हजार यार्डांच्या पुढे गेलेला केल्सी त्या वर्षी 984वर थांबला. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात तो विश्रांती म्हणून खेळलाच नाही. नायकाला सोळा यार्डसुद्धा न देणारा हा कसला पटकथालेखक?

आता पंच. खरा संताप इथे आहे, कारण इथे माणसांना सरळ चोर म्हटलं आहे.

10 डिसेंबर 2023. चीफ्सचंच मैदान, समोर बफेलो बिल्स, टेलर प्रेक्षागृहात. बिल्स 20-17ने पुढे आणि खेळायला दीड मिनिटही उरलेलं नाही. महोम्सने फेकलेला चेंडू केल्सीने झेलला, थोडा पळाला आणि गडी अंगावर येताना पाहून त्याने तो मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला सहकारी कडेरियस टोनीकडे भिरकावला. टोनी थेट टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेणं, या खेळातला ‘गोल’) करून आला. प्रेयसी बघते आहे, प्रियकर असला अचाट पास देतो आहे, संघ जिंकतो आहे! फॉरवर्डवाल्यांची पटकथा खरी असती तर हाच तिचा शेवट. झालं काय, तर पंचांनी पिवळं फडकं टाकलं. चेंडू खेळात येण्याआधीच टोनी रेषेच्या पुढे उभा होता. ऑफसाइड, टचडाउन रद्द, सामना हरले.

महोम्स बाजूला उभा राहून पंचांवर अक्षरशः ओरडत होता. तो आणि प्रशिक्षक अँडी रीड नंतर पत्रकारांसमोरही बोलले, आणि पंचांवर टीका केली म्हणून लीगनेच महोम्सला 50 हजार आणि रीडना 1 लाख डॉलर दंड ठोकला. ज्यांच्यासाठी म्हणे सगळं फिक्स केलं, त्यांच्याच खिशातून दीड लाख डॉलर! दादा, या एका दंडाचं उत्तर दे, बाकीचं सोडून देतो.

पंधरवड्याने नाताळच्या दिवशी टेलर पुन्हा हजर. लास व्हेगास रेडर्सच्या क्वार्टरबॅकचा पहिल्या पाव सामन्यानंतर एकही पास पूर्ण झाला नाही, तरी चीफ्स घरच्या मैदानावर 20-14ने हरले. बरं, बाकीच्या 31 संघांचे मालक काय नवसाला हरत होते? टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत समान वाटला जातो. चीफ्सला जिंकवून बाल्टिमोर रेव्हन्सला काय मिळणार होतं? त्यांनी तर 13 सामने जिंकून घरच्या मैदानावर उपांत्य सामना मिळवला होता.

पंच चुकतात, हे मान्य. चीफ्सला फायद्याचे वादग्रस्त निर्णयही मिळालेत, मान्य. पण अंतिम सामन्यात चीफ्सने लाथेने उडवलेला चेंडू सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅरेल लूटरच्या पायाला लागला, चीफ्सने तो पटकावला आणि लगेच पुढच्या चेंडूवर टचडाउन केला. पायाला लागणारा चेंडू कोण लिहून देतं?

लोगोचं तर सोडाच. त्या वर्षी लोगो लाल-जांभळा होता, म्हणून अंतिम फेरीत जांभळे रेव्हन्स येणार, असं हीच मंडळी छातीठोक सांगत होती. रेव्हन्स 17-10ने हरून घरी बसले.

कॅमेरा तिच्यावर जायचा, हे खरं. लीगने त्याचा धंदाही केला, आणि मलाही ते कधी कधी वैताग आणायचं. पण न्यूयॉर्क टाइम्सने मोजलं तेव्हा तीन तासांहून जास्त चालणाऱ्या प्रक्षेपणात ती सरासरी 25 सेकंदही दिसत नव्हती. आणि हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. 2015च्या विश्वचषकात सिडनीला कोहली 1 धावेवर बाद झाला तेव्हा शिव्या अनुष्का शर्माने खाल्ल्या होत्या. पुरुष हरला तर बाईमुळे, जिंकला तरी बाईमुळे.

राहिलं राजकारण. मॉनमाउथ विद्यापीठाच्या फेब्रुवारी 2024च्या पाहणीत 18 टक्के अमेरिकनांना टेलर बायडन यांच्यासाठीच्या छुप्या सरकारी कटात सामील आहे असं वाटत होतं, तेव्हा दादा एकटा नाही. पण तिने बायडन यांना 2020मध्येच उघड पाठिंबा दिला होता, केल्सी तेव्हा चित्रातही नव्हता. सप्टेंबर 2024मध्ये तिने कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, त्या नोव्हेंबरमध्ये हरल्या. तीन महिन्यांनी चीफ्स पुन्हा सुपर बोलमध्ये होते. ईगल्सने त्यांना 40-22ने धुतलं, एका क्षणी धावफलक 34-0 होता, आणि टेलर मोठ्या पडद्यावर दिसली तेव्हा स्टेडियमने तिची हुर्यो उडवली.