रिपोर्ट चौघांचा, राबायचं एकटीनेच?

आता पुरे! एमबीएचं दुसरं वर्ष संपत आलं, तरी प्रत्येक ग्रुप रिपोर्टला हेच. विषय मुंबईच्या ससून डॉक बंदरातला मासळी व्यापार. मी पहाटेची पहिली लोकल पकडून गेले, चिखलात उभी राहून लिलाव बघितला, बर्फ, हमाली, टेम्पो, सगळा खर्च विचारला. एका कोळी मावशीने ऐन गर्दीत मला बाजूला बसवून पूर्ण हिशेब सांगितला. आणि बाकी तिघं? घरबसल्या उचललेला स्वॉट तक्ता (ताकद, कमजोरी, संधी, धोके असे चार रकाने), तोही कुठल्याशा कोल्डड्रिंक कंपनीचा. नाव बदलायचेसुद्धा कष्ट नाहीत! व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टरने १९७९ साली धंद्यातली स्पर्धा ठरवणारे पाच फोर्सेस मांडले ते विचार करण्यासाठी, चौकटी भरण्यासाठी नव्हे. शेअर बाजारात लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या साइटवर फुकट मिळतात. किती जण उघडतात? उघडलाच तर अध्यक्षांचं भाषण वाचून बंद. कर्जं, खटले, हमी, सगळं मागच्या टिपांमध्ये असतं, तिथवर जायचं कोणी? सबमिशनच्या आदल्या रात्री अकराला मेसेज येतो, ‘तू जरा फॉरमॅट करून घे ना.’ काय फॉरमॅट करू? त्या मावशीने धंद्याचा तास मोडला माझ्यासाठी. तिचे आकडे या उचलेगिरीच्या शेजारी छापू?