जास्वंदीवरचा मावा आणि गवती चहाचं तेल: एका प्रतिक्रियेला उत्तर

गवती चहाच्या तेलाचे दोन चमचे लिटरभर पाण्यात घालून मारले, पहिल्या कुंड्यांवरचा मावा (रस शोषणारी बारीक कीड) तसाच राहिला, शेवटच्या जास्वंदीची पानं करपली, म्हणून ‘हे सगळं थोतांड’ असं तुम्ही लिहिलंय. पण पहिल्या कुंड्यांवर पडलं ते जवळजवळ नुसतं पाणी. तेल वर तरंगतं आणि पंपाची नळी तळातून ओढते. पाणी संपत आलं तेव्हा सगळं तेल शेवटच्या झाडावर गेलं.

दोन चमचे, म्हणजे 10 मिली, हेही जास्तच. लिटरला 2 मिलीपासून सुरू करा, 5 च्या वर जाऊ नका. तेल आधी वाटीत तेवढ्याच पोटॅशच्या द्रव साबणात घोटायचं, मग थोडं थोडं कोमट पाणी घालत दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं, उरलेलं पाणी शेवटी. वर तवंग दिसला तर फवारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फाटतो, पांढरा साका येतो; तिथे आरओचं किंवा पावसाचं पाणी घ्या. दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. मग ऊन उतरल्यावर, कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या खालून फवारा. मावा तिथेच असतो.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा, जो तुम्ही मांडलाच नाहीत: साबणाच्या पाण्यानेही मावा मरतो. एका कुंडीवर नुसतं साबणपाणी मारून बघा. तेल घातलेल्या फवाऱ्यात आणि त्यात फरक दिसला नाही तर तेलावर पैसे घालवू नका. तेल काही तासांत उडून जातं, अंगावर पडलं तेवढाच मावा मरतो. वाचलेल्या माद्या नराशिवायच पिल्लं देत सुटतात, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. (निंबोळी तेल वेगळं. ते घाण्याचं, असं उडून जात नाही, आणि त्यातलं अझाडिरॅक्टिन किडीची कात टाकणं बिघडवतं.)

लवंगेच्या तेलाने ओटा निर्जंतुक होतो का, या प्रश्नाला उत्तर ‘नाही’. त्यातलं युजेनॉल जिवाणूंचं आवरण फोडतं, हे प्रयोगशाळेतल्या बशीत खरं. ओट्यावर मात्र तिथलं तूप-तेलच युजेनॉल स्वतःत शोषून घेतं. शिवाय स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंना बाहेरचं जादा आवरण असतं, ते सहसा दाद देत नाहीत. घरात मांजर असेल तर हे तेल ओट्यावर नकोच. मांजराच्या यकृताला युजेनॉलसारखी फिनॉल गटातली रसायनं नीट पचवता येत नाहीत. मासे-चिकन कापल्यावर साबण आणि कढत पाणी वापरा, फळी उभी करून वाळवा.