ताप आला तर सकाळची वाट पाहू नका
स्तनाच्या कॅन्सरवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, शस्त्रक्रियेनंतरची केमो (कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं) डे-केअरमध्ये, म्हणजे रात्री भरती न राहता, घेऊन संध्याकाळी घरी जाता येतं. बरोबर, पण खरी काळजी घरीच सुरू होते. माझ्या वहिनीची केमो इथेच नागपुरात झाली. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, चढवल्यावर लघवी लालसर होते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रक्त समजून बिचारी रडत बसली.

केमो घेतल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार खाली जातात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरची गोळी देऊन थांबू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. गडचिरोली-यवतमाळकडून येणाऱ्यांनी जमलं तर हे दिवस नागपुरातच नातेवाइकांकडे काढावेत. आणि घरात थर्मामीटर हवाच, हात लावून ताप कळत नाही हो.