वीसवरून तीन

मंदार काल कट्ट्यावर आला तोच छाती फुगवून. "रोजच्या वीस सिगारेटींवरून तीनवर आलोय. दोन महिने झाले!" सगळ्यांनी पाठ थोपटली. मीही थोपटली, पण मग राहवलं नाही. म्हटलं, "आता त्या तीनही सोड."

झालं. वादाला तोंड फुटलं.

"अरे, सतरा कमी केल्या त्याचं काहीच नाही?" मंदार तापलाच. सुहासने त्याची बाजू घेतली. त्याचा हिशोब सरळ त्रैराशिकाचा. विसाचा धोका शंभर धरला, तर तीनचा पंधरा. म्हणजे पंचाऐंशी टक्के सुटलाच की!

फुप्फुसाच्या कॅन्सरपुरता हा हिशोब बऱ्यापैकी खरा आहे, ते मी मान्य केलं. तिथे जितक्या सिगारेटी आणि जितकी वर्षं, तितका धोका चढत जातो. हृदयाला मात्र त्रैराशिक लागू पडत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून मांडले होते. रोज २० ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या ४० ते ५० टक्के धोका रोज फक्त एक ओढणाऱ्यालाही असतो.

"एकीला निम्मा?" सुहासचा विश्वास बसेना.

निम्म्याच्या आसपास. कारण थोड्याशा धुरानेही रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, चिकट होतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. एवढं नुकसान व्हायला पाकीट संपावं लागत नाही.

"पण मी आता लाइटवाली ओढतो," मंदार म्हणाला.

मी त्याच्या हातातली सिगारेट घेतली आणि मोबाइलच्या टॉर्चसमोर फिल्टर धरला. नीट पाहिलं की कागदावर बारीक भोकांची एक ओळ दिसते. तिथून हवा आत येऊन धूर पातळ होतो, म्हणून यंत्राने मोजलं की टार, म्हणजे धुरातला चिकट काळा पदार्थ, कमी भरतं. मंदारची दोन बोटं नेमकी त्या भोकांवर असतात. आणि गेले दोन महिने मी बघतोय, पूर्वी अर्धी टाकून देणारा हा माणूस आता बोटाला चटका बसेपर्यंत ओढतो, झुरका आत धरून ठेवतो. निकोटीनची भूक तेवढीच राहिली, सिगारेटी कमी झाल्या, मग शरीर एकेकीतून जास्त वसूल करतं. त्याला हे सांगितलं तेव्हा तो बोटांकडे बघत राहिला.

सुहासने आजोबांना मैदानात उतरवलं. नव्वदीपर्यंत ओढत होते, ठणठणीत. असतील. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांची नोंद ठेवायला सुरुवात केली, ती ५० वर्षं चालली. त्यातही नव्वदी गाठणारे होतेच. पण सरासरी काढली तेव्हा ओढत राहिलेले न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे १० वर्षं आधी गेले. त्याच अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. साठीत सोडणाऱ्यांची साधारण ३ वर्षं वाचली, पन्नाशीत ६, चाळिशीत ९. मंदार एक्केचाळीसचा आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "त्या तीनवाचून डोकंच चालत नाही रे. ताण येतो."

ताण खराच आहे. पण निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यानंतर जी चिडचिड होते, ती तलफेची. दिवसभर तीन सिगारेटींची वाट बघत राहणं म्हणजे ही तलफ रोज नव्याने सोसणं. पूर्ण सोडल्यावर पहिले काही दिवस फार वाईट जातात, पण तीन-चार आठवड्यांत जोर ओसरतो. निकोटीनचे पॅच आहेत, गम आहेत, डॉक्टर व्हेरेनिक्लिनसारखी गोळीही देतात. नुसत्या मनोनिग्रहावर लढायची गरज नाही.

मी एवढा का पेटलो, ते शेवटी सांगून टाकलं. माझ्या काकांनी पाकिटावरून चारवर आणलं होतं. आम्ही सगळ्यांनी शाबासकी दिली आणि विषय संपवला. पुढे अकरा वर्षं ते चारच ओढत राहिले. शेवटी शेवटी जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे. नाडी आधीच घट्ट असायची. हार्ट अटॅक आला तेव्हाही घरातले म्हणत होते, "आता तर फार कमी केल्या होत्या."

मंदारने रात्रीची राखून ठेवलेली सिगारेट खिशातून काढली, पुन्हा आत ठेवली. "शनिवारी डॉक्टरकडे येशील माझ्याबरोबर?"

येतो म्हटलं. सुहासला अजून पटलेलं नाही.