ब्रूमरेपच्या नावाबद्दल थोडं

ब्रूमरेप नावाच्या परजीवी रानफुलाच्या नावात बलात्कार हा शब्द आहे म्हणून फॉरवर्ड फिरतोय, ते चूक आहे. यातला रेप लॅटिन रापुम म्हणजे गड्डा यावरून आलाय, आणि ब्रूम हे पिवळ्या फुलांचं झुडूप, ज्याच्या फांद्यांचे झाडू बांधायचे, त्याच्या मुळाशी हे गड्ड्यासारखं फुगून चिकटलेलं असतं, उकरून बघा लगेच पटेल. शास्त्रीय नाव ओरोबँकी मात्र खरंच कठोर आहे, ग्रीकमधे ओरोबोस म्हणजे एक कडधान्य आणि पुढचा भाग गळा आवळणारं. आणि हो, ही बुरशी नाही! पानांऐवजी तपकिरी खवले, हरितद्रव्य नाही, पण फुलं अगदी खरी, दोन ओठांची.